अठ्ठावीस दिवसांचा कागद

जरा थांबा, फाइल लगेच मिटू नका. आत मी आहे, आणि मला बोलायचं आहे. दिसायला साधा कागद, वहीच्या अर्ध्या पानाएवढा, कडेला दोन भोकं पाडलेला. वैमानिक लोक मला चार्ट म्हणतात. ढगात काही दिसत नसताना विमान धावपट्टीपर्यंत कसं आणायचं, कुठे वळायचं, कुठे किती उंचीवर असायचं, हे सगळं माझ्या अंगावर छापलेलं आहे.

त्यात सगळ्यांत महत्त्वाचा आकडा तळाच्या चौकटीत असतो. किमान उंची. तिथवर खाली यायचं, आणि धावपट्टी दिसली नाही तर मुकाट्याने विमान वर उचलायचं. ‘जरा अजून बघू’ हा प्रकार तिथे चालत नाही. माझ्यावरचा आकडा होता सहाशे वीस फूट.

आणि हो, मी फुकटचा आहे. लपवून काय करू? विमान खात्याच्या साइटवर मी कुणालाही फुकट मिळतो. घ्या, छापा, चालू लागा. विकतचे चार्ट असतात, छान बांधणीचे, त्यांचा तोरा वेगळा. पण आकडे त्यांचे आणि माझे तेच. आयुष्यही तेवढंच, मोजून अठ्ठावीस दिवसांचं. डाव्या कडेला तारखा असतात, या दिवसापासून त्या दिवसापर्यंत. तेवढ्या दिवसांत कुठे नवा मनोरा उभा राहतो, कुठे धावपट्टीची खूण बदलते, म्हणून खातं नवे चार्ट काढतं. नवा आला की जुन्याने गाशा गुंडाळायचा. आमच्यात याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

माझा जन्म स्वयंपाकघराला लागून असलेल्या एका छोट्या खोलीत झाला. शिवणयंत्राच्या झाकणावर प्रिंटर ठेवला होता आणि समोर कॅप्टनची बायको चष्मा नाकावर ओढून बसली होती. आयुष्यभर शाळेच्या कचेरीत प्रश्नपत्रिका काढणारी बाई. एक मात्रा सुटली तर सगळा गठ्ठा परत काढायची म्हणे. तीच नजर आता आमच्यावर.

तिची एक पद्धत होती. नवा चार्ट छापला की ती जुन्यावर ठेवायची आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेला लावायची. मागून उजेड आला की रेघेवर रेघ, आकड्यावर आकडा बसायचा. जिथे बसणार नाही, तिथे काहीतरी बदललंय. लगेच पेन्सिलने गोल. मग जुना फाडून टोपलीत, नवा प्लॅस्टिकच्या पाकिटात. वीस-बावीस विमानतळांचे चार्ट, दर अठ्ठावीस दिवसांनी. सांगायला कुणी गेलं नव्हतं तिला.

“अहो, कंपनीकडून विकतचं पुस्तक मागा की,” ती म्हणायची, पण नुसतं म्हणायची.

“कंपनीची दोन विमानं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला,” कॅप्टन हसायचा. “आणि तुझ्यासारखं काचेला लावून कोण बघणार?”

टपाल आणि औषधं नेणारी ती छोटी कंपनी. मालक, चार-पाच वैमानिक, एक मेकॅनिक. कॅप्टन त्यात सगळ्यांत जुना. त्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी तिथेच सहवैमानिक म्हणून लागली होती. विमानात ती त्याला ‘कॅप्टन’ म्हणायची, जमिनीवर ‘बाबा’. हा त्या दोघांचा करार होता आणि दोघंही तो काटेकोर पाळायचे.

मला छापलं त्या दिवशी बाईंना धाप लागत होती. मधेच उठून त्या पाणी प्यायल्या, परत बसल्या. मला काचेला लावलं, सगळं जुळलं. मग निळं पेन घेऊन माझ्या वरच्या कडेला, मोकळ्या जागेत लिहिलं, “डोळ्यांत थेंब घाला. उतरलात की फोन करा.” असं त्या कधी लिहीत नसत. चार्टवर काही गिरगटलेलं त्यांना चालायचंच नाही. त्या दिवशी का लिहिलं, त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि नवव्या दिवशी त्या गेल्या.

घरात माणसं आली, बसली, गेली. कॅप्टन सगळ्यांशी नीट बोलत होता, चहा विचारत होता. लोक म्हणत होते, खंबीर आहे बुवा. मी फाइलमध्ये होतो. रोज संध्याकाळी तो फाइल उघडायचा, माझ्यापाशी थांबायचा आणि बंद करायचा. तेवढंच.

माझे अठ्ठावीस दिवस भरले. नवे चार्ट मुलीने छापले. एकेक पाकीट उघडून जुना काढायची, नवा घालायची. माझ्या पाकिटावर तिचा हात आला तेव्हा कॅप्टन म्हणाला, “तो राहू दे. तो मी बघतो.”

“बाबा, नवा घाला हं आठवणीने.”

“अगं, घालतो म्हटलं ना. मला शिकवतेस?”

खोटं नव्हता बोलत. त्याने नवा घातला. पण मला काढलं नाही. नवा मागे, मी पुढे, एकाच पाकिटात. “असू दे सोबत,” तो हळूच म्हणाला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! एखाद्या कागदाला मुदत संपल्यावर कोण ठेवून घेतं? आज त्या बरं वाटण्याची मला लाज वाटते.

पुढचे दहा-बारा दिवस आभाळ स्वच्छ होतं. अशा हवेत चार्टकडे बघावंच लागत नाही, धावपट्टी लांबूनच दिसते. तो मला मांडीवरच्या पाटीला चिमट्यात लावायचा, उतरला की निळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचा आणि खिशातला फोन चाचपायचा. मग हात तसाच मागे घ्यायचा. मुलगी दुसरीकडे बघायची.

मग तो सकाळचा प्रवास आला. औषधांची खोकी, टपालाच्या थैल्या, आणि समोर विमानतळावर ढग खाली उतरलेले. अशा वेळी एक रीत असते. उतरायच्या आधी चालवणाऱ्याने आपल्या चार्टवरचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि शेजारच्याने ते आपल्या चार्टवर ताडून बघायचे. दोघांचे जुळले की पुढे. बाईंच्या काचेसारखंच ते.

“कॅप्टन, आकडे वाचताय ना?” मुलीने विचारलं.

“पाठ आहे गं मला हे. वीस वर्षं उतरतोय इथे.”

तिने ते तिथेच सोडलं. दुसरा कुणी कॅप्टन असता तर तिने सोडलं नसतं. पण महिन्याभरापूर्वी ज्याची बायको गेली त्या बापाला सकाळी सकाळी काय टोकायचं, असं तिला वाटलं असणार. मी तिला दोष देत नाही.

आम्ही ढगात शिरलो. काचेबाहेर पांढरं, दुसरं काही नाही. त्याने खाली माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! मला ओरडायचं होतं, अरे बाबा, मी नाही, माझ्या मागचा बघ! त्या महिन्यात धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर फोन कंपनीचा मनोरा उभा राहिला होता आणि नव्या चार्टवर किमान उंची झाली होती सातशे ऐंशी. खरा आकडा माझ्या पाठीला चिकटून होता. मध्ये केसाएवढीसुद्धा जागा नव्हती.

“आठशे,” मुलगी मोजत होती. “सातशे ऐंशी. किमान उंची. काही दिसत नाही, वर घ्या.”

“अजून आहे,” तो शांतपणे म्हणाला. “सहाशे वीसपर्यंत आहे.”

“सातशे ऐंशी आहे, कॅप्टन! वर घ्या!”

“सहाशे वीस.” त्याने माझ्यावर बोट ठेवलं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. निळी अक्षरं तिने ओळखली, आणि मग कडेच्या तारखा. “बाबा!” ती किंचाळली, करारबिरार सगळा विसरून, आणि विमान तिने आपल्या हातात घेतलं. इंजिनं कण्हत कण्हत आम्हाला वर ओढू लागली. ढगाला एक भोक पडलं आणि त्यातून मनोऱ्याचा लाल दिवा दिसला, उजव्या पंखाच्या खालून गेला. खालून म्हणजे किती खालून, ते मी सांगत नाही. त्या दोघांनीही ते कधी एकमेकांना सांगितलेलं नाही.

दुसऱ्या विमानतळावर ते उतरले. इंजिनं बंद झाली तरी कितीतरी वेळ कुणी पट्टा सोडला नाही. शेवटी तो म्हणाला, “तुला मारलं असतं गं मी आज.” ती रडत होती. तिने मला चिमट्यातून काढायला हात पुढे केला, पण तिच्याने मला फाडवेना.

त्याच दिवशी कॅप्टनने स्वतः खात्याला लिहून कळवलं. चौकशी लागली. जबाबाच्या आदल्या दिवशी मालक घरी आला. वाईट माणूस नाही तो. कॅप्टनचं लायसन्स वाचावं म्हणून त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

“हे बघा,” मालक म्हणाला, “फुकटच्या साइटवरून घेतला, तिथेच जुना पडला होता म्हणा. फुकटच्या मालाची हमी कोण देतं?”

“साइटवर नवा होता. माझ्या पाकिटातच होता.”

“बरं, मग वहिनींनी छापला होता ना? त्यांच्याकडून जुना राहून गेला म्हणा. आजारी होत्या. कुणीही समजून घेईल.” त्याने आवाज खाली आणला. “त्या आता थोड्याच सांगायला येणार आहेत?”

कॅप्टनने माझी फाइल मिटून हातात घेतली. मग म्हणाला, “चहा घेऊन जा.” आणि उठून आत गेला.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल, पंखा, तीन खुर्च्या. समोर चौकशी अधिकारी बाई. त्यांनी मला पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं.

“हा कुणी छापला?”

“माझ्या बायकोने.”

“म्हणजे त्यांनी तुम्हाला मुदत संपलेला चार्ट दिला?”

एक ‘हो’ पुरेसं होतं. मुलगी बाहेरच्या बाकावर होती. चाळीस वर्षांचं उडणं त्या एका अक्षरावर टांगलेलं होतं.

“नाही,” कॅप्टन म्हणाला. “तिने दिला तेव्हा तो बरोबर होता. तिच्या हातून चुकीचा कागद कधी आलाच नाही. मुदत संपल्यावर मी तो ठेवला. आकडे वाचायला हवे होते, ते मी वाचले नाहीत. आणि मुलीने हातातून विमान घेतलं म्हणून मी आज इथे बसून बोलतोय. असंच लिहा.”

“नवा पाकिटात असताना जुना का ठेवला? कारण लिहावं लागेल.”

त्याने माझ्या वरच्या कडेकडे पाहिलं. अधिकारी बाईंनीही पाहिलं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. “हे लिहिणाऱ्यांना जबाबासाठी बोलावता येईल का?” त्यांनी विचारलं, आणि त्याचा चेहरा बघून स्वतःच म्हणाल्या, “राहू दे.”

लायसन्स त्याने तिथेच टेबलावर ठेवलं. कुणी मागायच्या आधीच. दाराशी पोचल्यावर तो वळला. “तो कागद... काम झालं की परत मिळेल का?”

“मूळ पुरावा आहे तो. पाच वर्षं जपावा लागतो. मग अर्ज करा.” बाई पुढे म्हणाल्या, “झेरॉक्स हवी तर देते काढून.”

“नको,” तो म्हणाला. “तिने ज्यावर लिहिलं, तोच हवा होता.”

तेव्हापासून मी इथे, या लोखंडी कपाटात आहे. माझ्यावर एक क्रमांक आणि गोल शिक्का आहे. बाकी सगळं तसंच.

तुम्ही कुणी माझ्या जातीचे कागद छापून उडत असाल, तर हात जोडून सांगतो, फुकट आहोत म्हणून आम्हाला हलकं समजू नका, आणि जीव लावून जवळही ठेवू नका. तारीख सरली की फाडा. आम्हाला काही वाटत नाही. आपल्या माणसाचं अक्षर ठेवायचं असेल तर दुसरं काहीही ठेवा, चिठ्ठी, वाणसामानाची यादी, काहीही, पण आम्ही नको.

चार वर्षं उरली आहेत. कॅप्टन आता सत्तरीकडे झुकलाय. या कपाटात दमट आहे आणि प्रिंटरची शाई माझ्या अंगावरून उतरायला लागली आहे. टेकड्या पुसट झाल्या, आकडे निम्मे गेले, तळाची चौकट आता वाचता येत नाही. जाऊ दे ते सगळं, चुकीचंच आहे. निळ्या पेनाच्या त्या दोन ओळी तेवढ्या टिकू देत, आणि त्या घ्यायला येईपर्यंत तो टिकू दे.