काचेचं दुसरं टोक

उस्तादांनी काचेची कड पेलली आणि पहिल्याच पावलाला त्यांना कळलं, आज डावा पाय दगा देणार.

उजवा पाय तिसऱ्या वर्षीच पोलिओने नेला होता. तेव्हापासून साठ वर्षं सगळा भार वाहिला तो डाव्याने. आता आठ महिने झाले, तोही दुपारनंतर ओल्या कापडासारखा लुळा पडत होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "काका, त्या आजारातून वाचलेल्या नसांनी जन्मभर दुप्पट काम केलंय. आता त्या थकल्यात. पाय दमेपर्यंत चालवू नका." पण आईने लहानपणी एकच शिकवलं होतं, जेवढा चालशील तेवढा बळकट होशील. म्हणून उस्ताद रोज सकाळी गुपचूप जिन्याच्या चाळीस फेऱ्या मारत आणि पाय आणखीच खचत होता.

काचेचं दुसरं टोक लेकीच्या हातात होतं. काच पुरुषभर उंच, कारखान्यातलं कापायचं टेबल बारा पावलांवर.

"बाबा, गोगलगायीशी शर्यत लावलीय का?"

"तू पुढे बघ."

"मी उलटी चालतेय. पुढे तुम्हीच दिसताय."

मांडी थरथरायला लागली. कारखान्याचा नियम त्यांनीच घालून दिलेला होता: ज्याचा तोल जाईल त्याने 'टाक' म्हणायचं, दोघांनी एकदम हात सोडून मागे उडी घ्यायची. पडती काच झेलायची नाही. एकानेच सोडली, तर ती दुसऱ्याच्या अंगावर जाते. उस्तादांनी तो शब्द आजवर कधी उच्चारला नव्हता.

सहा पावलं उरली. गुडघा वाकला, सावरला. सहाच तर आहेत, त्यांनी स्वतःला बजावलं. काच तिरकी होऊन लेकीच्या गळ्याकडे कलली.

"बाबा?"

गुडघा पुन्हा गेला.

"टाक," ते म्हणाले.

ती झटकन मागे सरली. काच दोघांच्या मधोमध फुटली. उस्ताद मागच्या मागे जमिनीवर बसले. तुकडे चुरडत ती आली आणि तिने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मांडी अजून उडत होती.

"कधीपासून?"

"आठ महिने."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"मला वाटलं, चालून चालून पाय सुधारेल."

"तुम्ही पण ना. मी झाडून घेईपर्यंत इथून हलायचं नाही."

तिने झाडू उचलला. उठायला म्हणून उस्तादांनी सवयीने हात जमिनीला टेकला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ते बसूनच राहिले.