पुढच्या सीटवरचं लिंबाचं झाड

नेमसिंग गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर जीप चालवायचा. जीप मालकाची, पण तिचा वास पुरा नेमसिंगचा झालेला. कपड्यांना डिझेल, केसांना डिझेल, नखांच्या कडांनासुद्धा. संगिताला लग्न झाल्यापासून त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण सत्त्याण्णवच्या आषाढात तिला दिवस राहिले आणि सगळं फिरलं. तो दारात दिसला की ती पदर तोंडाशी धरून मागच्या बाजूला पळायची.

नेमसिंग बंजारा तांड्याच्या विहिरीवरच अंघोळ उरकून यायला लागला. साबण घासघासून अंगाची कातडी लाल केली. संगिता रडकुंडीला येऊन म्हणाली, "साबनाच्या खालून डिझेल येऊन राहिलं हो. मी काय करू?"

त्याने अंथरूण उचललं आणि ओसरीवर शेळ्यांच्या शेजारी टाकलं.

"शेळ्यांचा वास चालतो तिला, नवऱ्याचा न्हाई," नानीबाई, त्याची आई, गालात हसली. नेमसिंगला काही हसू आलं नाही.

त्याच्या जीपने संतरामकाका सेनगावच्या बाजाराला लिंबं न्यायचे. गोरेगावात त्यांची लहानशी बाग होती. एकदा त्यांच्या पोत्यातली पानांची डहाळी सीटवर पडून राहिली. नेमसिंगने ती घरी नेली. संगिताने एक पान चुरगळून नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्यासमोर भाकर जेवली. तो उंबऱ्यावर, ती चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी त्याने काकांना गाठलं. सगळं ऐकून काका आधी पोटभर हसले, मग फांदीलाच मुळ्या फुटवून केलेलं लिंबाचं गुटी कलम काढून दिलं. "अंगणात लाव," ते म्हणाले. पण तांड्यावर अंगणात शेळ्यांनी काय ठेवलं असतं? नेमसिंगने तेलाच्या डब्याला खाली भोकं पाडली, त्यात माती आणि कुजलेलं लेंडीखत भरलं आणि झाड घरातच खिडकीखाली ठेवलं.

"काट्याचं झाड घरात? भांडनं लागतीन, नेम्या," नानीबाई म्हणाली.

"याडी, भांडायला तरी ती जवळ आली पाह्यजे ना!" तो आईला म्हणाला.

संगिता रोज पान तोडायची आणि नेमसिंग रोज थोडा पुढे सरकायचा. उंबऱ्यावरून खांबापाशी, खांबापासून बाजेच्या पायथ्याशी. गाडीत कोण चढलं, कोण भांडलं, हे तो सांगायचा. ती नाकाशी पान धरून ऐकायची.

इकडे झाड मात्र बोडकं व्हायला लागलं. उरलेली पानंही पिवळी पडून गळायला लागली. नेमसिंग घाबरून सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी ओतू लागला, तर गळ आणखी वाढली. काकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "बुडवून राहिला का त्याला? बोट घालून पाह्य. माती सुकी लागली तरच पानी. अन् त्या खिडकीत ऊन तरी येते का?"

खिडकी उत्तरेची. ऊन कुठून येणार? मग नेमसिंगने डबा उचलला आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसवला. वारा लागू नये म्हणून भोवती पोतं गुंडाळलं. सेनगावच्या स्टँडवर सवाऱ्या भरेपर्यंत झाड उन्हात उतरायचं, निघताना परत आपल्या जागी बसायचं.

"आमी मागं लटकून राहिलो अन् झाड पुढं बसून राहिलं!" लोक ओरडायचे.

"घरचं मानूस हाय," नेमसिंग म्हणायचा. गिअर टाकताना काटे कोपराला ओरबाडायचे, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी त्याने डबा घरात ठेवला आणि सवयीने पान तोडायला हात घातला. संगिताने त्याचं मनगट धरलं.

"नका तोडू. त्यालाबी तकलीफ होते."

"मंग तू?"

"तुमी बसा तसेच."

तो बाजेच्या कडेला टेकला. तिने श्वास रोखला, सोडला, पुन्हा रोखला. डोळ्यांत पाणी आलं तरी हटली नाही. मग दोघंही एकदमच हसायला लागली. नानीबाईने आत डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

दसऱ्याच्या सुमाराला मळमळ आपोआप गेली. झाडाला तांबूस कोंब आले. माघात संगिता बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हा झाडाला पांढरी-जांभळट फुलं होती. पण फुलं यायची आणि गळून जायची. घरात आणि स्टँडवरच्या धुरात माशी येईना, मधमाशी येईना. फळ धरावं म्हणून नेमसिंगने काडीला कापूस गुंडाळला आणि या फुलातली पूड त्या फुलाला लावत बसला.

"बाळाचे कान साफ करायची सवय करून राहिला का?" नानीबाईने विचारलं. मग चष्मा लावून तिने ती काडी त्याच्या हातातून काढून घेतली. "अर्धी पूड खालीच सांडून राहिला. सरक."

मुलगी झाली. नेमसिंग सासुरवाडीला पोचला, तर बाजेवरून संगिताचा पहिला सवाल, "झाड कसं हाय?" "बरं हाय," तो म्हणाला, तेव्हा तिने लेकरू त्याच्या हातात दिलं. ते त्याच्या छातीला नाक घासून शांत झोपी गेलं.

झाडाला मोजकीच लिंबं धरली, त्यातलं एकच टिकलं. श्रावणापर्यंत ते चांगलं फुगलं, कडेने पिवळं पडू लागलं. त्याचं काय करायचं यावर रोज बोलणं चालायचं. माहेराहून परतलेल्या संगिताला ते वरणावर पिळायचं होतं. नेमसिंगला अर्धं तरी संतरामकाकांकडे न्यायचं होतं.

एका दुपारी तो जेवायला आला, तर पोरगी किंचाळून रडत होती आणि फांदी रिकामी. नानीबाई पुटपुटत ते लिंबू नातीवरून उतरवत होती.

"याडी! अगं, ते लिंबू!"

"मंग? बाजारचं उतरवू का माह्या नातीवरून?" तिने लिंबू त्याच्या हातात ठेवलं. "जाय, तीन रस्त्यावर फेकून ये. अन् मागं पाहू नको."

संगिता तोंडावर पदर दाबून हसत होती. नेमसिंग तिठ्यावर गेला. लिंबू एकदा नाकाशी धरलं, आणि लांब फेकून दिलं. घरी पोचला, तेव्हा पोरगी गप झाली होती.