दुपारी जागा होणारा प्रोग्राम

काकांच्या कॉम्प्युटरवर एकशे एकवीस प्रोग्राम चालू होते. त्यातले एकशे पंधरा कॉम्प्युटरचे स्वतःचे, तीन प्रिंटरचे, एक स्कॅनरचा आणि एक पत्त्यांचा खेळ, जो काकांनी घाईघाईने खाली लपवला होता. उरला एक. त्याच्या नावात सहा अक्षरं होती आणि त्यांचा उच्चार करायला जावं तर जीभच अडकत होती.

"हाच तो," पुतणीच्या खांद्यावरून वाकून काका म्हणाले. "सोमवारपासून रोज डोकं वर काढतो, दुपारी तर हमखास. मला इंटरनेट वापरू द्या म्हणतो. मी 'नाही' दाबतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. इतका निगरगट्ट माणूस मी पाहिलेला नाही."

"माणूस नाहीये काका तो."

"मागे माणूसच असतो. समोरचाच."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा फ्रेमवाला. काकांचंही फोटो-फ्रेमचंच दुकान होतं. पुढे काउंटरवर काकू बसायच्या, मागच्या खोलीत काका कॉम्प्युटरवर फ्रेमच्या नक्ष्या काढायचे आणि लाकडी पार्टिशनपलीकडे कारागीर विजेच्या करवतीवर पट्ट्या कापायचा. त्या नक्ष्या समोरच्याला हव्या आहेत, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"चोर परवानगी मागून चोरी करतो का?" पुतणीने विचारलं.

"चांगल्या घरातला असेल."

पुतणी भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झाली होती. त्यामुळे गिझरपासून टीव्हीपर्यंत बिघडलेलं सगळं तिला दुरुस्त करता आलंच पाहिजे, असं काका धरून चालत. तिने एकेक वायर काढायला सुरुवात केली. प्रिंटर काढला. स्कॅनर काढला. प्रोग्राम गप्प. सगळं पुन्हा जोडलं, तरी गप्प.

"तो येतो तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"विचार." काकांनी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे हात केला. "जेवण झालं की मी तिथे डोळे मिटून नवीन नक्षीचा विचार करतो. डोळे उघडले की हा पडद्यावर उभा."

त्या आरामखुर्चीवरून गेला महिनाभर घरात आणि दुकानात रणकंदन चाललं होतं. काका तिच्यात पडल्या पडल्या घोरतात आणि गिऱ्हाइकं 'मागे कुठलं मशीन बसवलंत' असं विचारतात, अशी काकूंची तक्रार होती. त्यांना खुर्ची भंगारात द्यायची होती. काकांच्या मते ते घोरतच नसत. रविवारी भांडण टिपेला पोचलं, तेव्हा काकांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं, "माझा आवाज करवतीपेक्षा मोठा आहे हे सिद्ध कर. मी स्वतः खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवतो. नाही जमलं तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही." आणि विजयी मुद्रेने ते खुर्चीत जाऊन विचार करू लागले होते.

इतक्यात पलीकडे कारागिराने करवत सुरू केली आणि पडद्यावर चौकट उगवली. परवानगी द्यायची का? हो. नाही.

"आला!" काका ओरडले आणि त्यांनी सवयीने 'नाही' दाबलं.

करवत थांबली. पुतणीने कारागिराला हाक मारून ती पुन्हा चालवायला सांगितली. चौकट आली. तिसऱ्यांदा चालवली, तिसऱ्यांदा आली. मग तिने प्रोग्रामची माहिती उघडून पाहिली. तो फक्त एकच वस्तू वापरत होता. माइक.

"मोठा आवाज झाला की हा जागा होतो," ती सावकाश म्हणाली.

"पण दुपारी तर करवत बंद असते! कारागीर जेवायला जातो. या खोलीत आवाज कसला?"

पुतणीने खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे, मग छताकडे. "बघते," म्हणून ती उठली आणि थेट काउंटरवर गेली.

काकू एका लग्नाच्या फोटोवरची धूळ पुसत होत्या. गेली पाच मिनिटं त्या एकच कोपरा पुसत असाव्यात.

"काकू, सोमवारी कॉम्प्युटरवर काय टाकलंस?"

"मला मेलीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"काकू."

"हळू बोल!" काकूंनी मागे नजर टाकली. "आवाज मोजतो तो. मोठा आवाज झाला की आकडा माझ्या फोनवर यायला हवा. पण पाच दिवसांत एक आकडा आला असेल तर शपथ. तुझे काका कुणालाच 'हो' म्हणत नाहीत."

"आणि माइक खुर्चीच्या किती जवळ आहे?"

"हाताच्या अंतरावर."

"आणि करवत पार्टिशनच्या पलीकडे. मग काकांचाच आवाज मोठा भरणार नाही तर काय होईल? हे मोजमाप मी मानणार नाही. दोघांना सारखंच अंतर हवं."

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

"टेपच्या," असं म्हणून पुतणीने काउंटरवरची मोजायची टेप उचलली. माइकची वायर लांबलचक होती, ते बरं झालं. तिने पार्टिशनचं दार सताड उघडलं आणि करवत व खुर्ची यांच्या बरोबर मध्ये, स्टुलावर माइक ठेवला. काका हे सगळं कौतुकाने पाहत होते.

"सापळा?"

"चाचणी. या वेळी 'हो' दाबायचं. मग तो काय पाठवतो ते कळेल."

करवत सुरू झाली. चौकट आली. काकांनी श्वास रोखला, पुतणीने 'हो' दाबलं. पडद्यावर आकडा झळकला, ७४.२ डेसिबल, आणि त्याच क्षणी काउंटरवर काकूंचा फोन टिंगकन वाजला.

"काय गं ते?" काकांनी विचारलं.

"बँकेचा मेसेज!" काकू तिकडून म्हणाल्या.

कारागीर डबा घेऊन बाहेर पडला. खोली शांत झाली. काकांनी आवाज खाली आणला. "आता समोरच्याला वाटलं पाहिजे की इथे कुणीच जागं नाही. मी झोपेचं सोंग घेतो. तू पडद्यावरून नजर हलवू नकोस."

ते खुर्चीत आडवे झाले. "मी जागाच आहे हं," त्यांनी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं, पण त्यातला 'जागा' तेवढा ऐकू आला. मग मान कलली, तोंड उघडलं, आणि सोंगाने काकांचा ताबा घेतला.

सुरुवात साध्या शिट्टीने झाली. मग कुणीतरी फरशीवरून कपाट ओढावं तसा आवाज आला, कपाट दारात अडकलं, तिथेच काही क्षण थांबलं आणि एकदम सुटलं. शेल्फवरच्या काचा किणकिणल्या. काकू फोन हातात धरून दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "ठेव म्हणावं आता खुर्ची रस्त्यावर," त्या पुतणीच्या कानात पुटपुटल्या.

पुतणीने पूर्ण दहा मिनिटं जाऊ दिली. मग तेवढ्या वेळातला सगळ्यात मोठा आकडा पडद्यावर आणला.

७१.९.

काकूंनी फोन हलवला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हे शक्यच नाही! अहो! उठा! अहोऽऽ!"

काका दचकून उठून बसले. "पकडला?"

पुतणीने पडद्याकडे पाहिलं. नवा आकडा आला होता, ८३.६ डेसिबल.