गंगुबाईंचं बटण

हितेंद्रकाकांना शाल मिळाली त्या दिवसापासून मी वाट बघत होते. चौदा महिने. मला राग चटकन येतो आणि लवकर जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

सर्व्हर माझा होता. म्हणजे माझा जुना कॉम्प्युटर, त्यात दोन मोठ्या डिस्क घातलेल्या. वरळीची चाळ सोडून आम्ही सगळे टॉवरमध्ये राहायला आलो, तेव्हा चाळीचे फोटो, गायन पार्टीच्या कॅसेटी, वाचनालयाचं रजिस्टर असं सगळं मी त्यात भरलं. दोन वर्षांचे रविवार त्यात गेले. मग आमच्या विहाराचे सेक्रेटरी हितेंद्रकाका घरी आले. "बेटा, समाजाची वस्तू विहारात शोभते," म्हणाले, आणि दोन माणसं लावून सर्व्हर तळमजल्यावर विहाराच्या वाचनालयात नेऊन ठेवला. मला बरंच वाटलं होतं. पुढच्याच जयंतीला माइकवर ऐकलं, "अथक परिश्रम घेऊन ही यंत्रणा एकहाती उभी करणारे आपले हितेंद्र सर!" शाल, संविधानाची प्रत, फोटो. काकांनी मान खाली घालून सगळं घेतलं. प्रिती या माझ्या नावाचा उच्चार कुणी केला नाही.

मी तेव्हा भिंतीपलीकडे वाचनालयातच होते. गंगुबाईंचं बटण बसवत होते.

गंगुबाई आमच्या जुन्या शेजारीण, ब्याऐंशीच्या. त्यांचे मिस्टर गणपतबाबा गिरणीत होते आणि गायन पार्टीत पेटी वाजवायचे. बाबांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, घरी तालीम चालू असताना कुणीतरी भरलेली. गाणं साधंच आहे. पण गाणं संपल्यावर बाबा खाकरतात आणि म्हणतात, "गंगे, च्या टाक गं." बाईंना गाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना एवढंच ऐकायचं होतं. मी ते ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. दुसऱ्यांदा वाजवायला गेले तर फीत तुटून मशीनमध्ये गुंडाळली गेली. बाईंना माउस जमेना, म्हणून त्यांच्यासाठी पडद्यावर एकच मोठं पिवळं बटण केलं. दाबलं की बाबा बोलणार. पलीकडे टाळ्या चालू होत्या. मी दातओठ खात बटणाच्या सेटिंग्जचा फॉर्म भरला, फाईल चढवली आणि जेवायला न थांबता वर निघून गेले.

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता बाई यायच्या, बटण दाबायच्या, "टाकते, टाकते," म्हणायच्या आणि निघून जायच्या.

गेल्या रविवारी कॉटन ग्रीनच्या एका मंडळाचे पाचजण पाहुणे आले होते. त्यांनाही असंच काहीतरी करायचं होतं. वाचनालय भरलेलं. काकांनी ऐटीत पडदा चालू केला आणि वर लाल अक्षरांत आलं: जागा संपली. मला फोन आला, "बेटा, जय भीम. जरा खाली ये ना."

काय झालं असणार ते मला ठाऊक होतं. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक कामाचा एक कंटेनर असतो, डबाच म्हणा. सगळे डबे एका मोठ्या फाईलमध्ये बसवलेले. ती फाईल भरली की सगळं अडतं. उपाय म्हणजे जुनी फाईल पुसायची, साठवणीचा प्रकार बदलायचा आणि डबे नव्याने मांडायचे. यात घाबरण्यासारखं काही नसतं. डब्यांची सेटिंग्ज पेनड्राइव्हवर असतात आणि आतला माल बाहेरच्या फोल्डरमध्ये. रोज पहाटे बॅकअपही त्या फोल्डरचाच होतो. डबा फेकला तरी डाळ तांदूळ कोठीत असतातच.

पण हे काकांना माहीत नव्हतं. ते मी सांगितलंही नाही.

"सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बनवलंय तुम्ही, मी काय सांगणार? फाईल डिलीट करायची, प्रकार बदलायचा. सोप्पं आहे."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. काका पाहुण्यांकडे बघून हसले आणि खुर्चीवर बसले. पडद्यावर सूचना आली की सगळे कंटेनर जातील. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"करू ना, बेटा?"

"तुम्हालाच माहीत, सर."

मला येत नाही, असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा त्यांनी बटण दाबलं. पडदा कोरा झाला. फोटो नाहीत, गाणी नाहीत, रजिस्टर नाही. मागून लतिकाकाकू ओरडल्या, "अरे, चाळीचे फोटो कुठं गेले? माझं लग्न होतं त्यात!" काका इकडे क्लिक कर, तिकडे क्लिक कर. घामाने शर्ट पाठीला चिकटला. पाहुणे पंख्याकडे बघत बसले. खोटं कशाला सांगू, इतकं छान मला गेल्या चौदा महिन्यांत वाटलं नव्हतं. मी घड्याळ लावून वीस मिनिटं बसून राहिले.

शेवटी काका उठले. आवाज बसला होता. "मला ह्यातलं काय येत नाही. हे सगळं प्रितीनं केलंय. पयल्यापास्नं. शाल पण तिचीच हाय."

हेच वाक्य मला हवं होतं. मी सावकाश उठले, खुर्चीवर बसले, प्रकार बदलून सर्व्हर चालू केला आणि जुन्या सेटिंग्जची यादी काढली. एकेका नावापुढे खूण करत गेले. दहा मिनिटांत फोटो आले, गाणी आली, रजिस्टर आलं. लतिकाकाकूंनी आपलं लग्न पाहून घेतलं. टाळ्या वाजल्या, आणि या वेळी त्या भिंतीच्या अलीकडे होत्या. पाहुण्यांनी माझा नंबर मागितला. काका दाराशी उभे होते.

अकरा वाजता गंगुबाई आल्या. सगळ्यांनी वाट करून दिली. पिवळं बटणही जागेवर परत आलं होतं. त्यांनी ते दाबलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं.

"आज बोलत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

मी सेटिंग्ज उघडली. बाहेरच्या फोल्डरचा पत्ता लिहायची एक ओळ असते. फोटोंना ती होती, गाण्यांना होती. गंगुबाईंच्या बटणाला ती ओळ रिकामी होती. त्या दिवशी टाळ्या ऐकत मी फॉर्म भरला होता. माल कोठीत गेलाच नव्हता, डब्यातच राहिला होता. आणि डबा मी फेकायला लावला. ऑफिसचा लॅपटॉप नोकरी सोडताना पुसून परत केला होता. मी सेटिंग्ज बंद करून पुन्हा उघडली, ओळ रिकामीच.

काका पुढे आले. त्यांना ओळ काय नि पत्ता काय, काहीच माहीत नव्हतं. ते सरळ बाईंच्या पायाशी बसले.

"आज्जी, माझ्या हातनं पुसलं गेलं. मीच बटण दाबलं. मला माफी कर."

वाचनालयात एकच गलका झाला. ज्याला जे येईल ते तो काकांना बोलला. कोण म्हणालं राजीनामा द्या, कोण म्हणालं शालीचा एवढा सोस कशाला हवा होता. काका खाली बसून सगळं ऐकत राहिले. चौदा महिने मी रोज मनात हेच बघत आले होते, अगदी त्यांच्या खाली घातलेल्या मानेसकट. एका वाक्यात मी ते थांबवू शकले असते.

गंगुबाई काकांना वळसा घालून पुढं झाल्या. त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू आसतीस ना पोरी त्या खुर्चीत, तर ऱ्हायलं आसतं. आता तुला इचारल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते, काकासुद्धा.

"हो, आज्जी," मी म्हटलं.