आप्पांच्या डोळ्यातली बाहुली

शिवलिंगआप्पा सकाळी चहाचा दुसरा घोट घेता घेता गेले, आणि ऊन ओट्यावर यायच्या आत त्यांच्या डोळ्यांवरून घरात भांडण लागलं.

चौसाळ्याच्या पेठेत आप्पांचं कापडाचं दुकान. थोरला सिद्धाराम ते सांभाळायचा. धाकटा वीरेश आंबेजोगाईला डोळ्यांची डॉक्टरकी शिकत होता आणि सुट्टीवर घरी आलेला होता. त्यानं बापाची नाडी बघितली, रडला, नाक पुसलं आणि कापूस ओला करून बापाच्या मिटल्या पापण्यांवर ठेवला. मग एसटीडीवरून फोन करून आला.

"गाडी निघालीय," तो म्हणाला. "आप्पांनी मला जबान दिलती, डोळे द्यायचे म्हणून. दुपारच्या आत काढायला पायजेत, नंतर उपयोग न्हाई."

सिद्धाराम उसळला. "अन् बापाला काय दोन खळगे घेऊन इमानात बसवायचं?"

ह्या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून विमानात, म्हणजे बांबूच्या मखरात, बसवतात, कपाळाला भस्म फासतात, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि तसंच मातीत बसवतात. माणूस शेवटपर्यंत आपल्या लिंगाकडं बघत राहतो, अशी समजूत.

"डोळेच न्हाईत तर दादा बघंल कशानं?" आप्पांचा धाकटा भाऊ त्रिंबक म्हणाला. विधीला आलेल्या मठपती स्वामींना विचारलं. त्यांनी काका-पुतण्यांकडं बघितलं आणि अंग काढून घेतलं. "घरच्या मालकिणीला विचारा. ती म्हणंल ते."

तेव्हा कुठं सगळ्यांना आप्पांच्या बायकोची, गंगासागरची, आठवण झाली.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. शाळा दुसरीपर्यंत, पण जिभेनं मॅट्रिकवाल्यालाही पाणी पाजणारी. सकाळपासून ती रडली नव्हती. शेजारणीनं "रडून मोकळी हो गं" म्हटल्यावर तिनं सांगून टाकलं होतं, "तुमी आलाव न्हवं रडायला? मी कशाला गर्दी करू?"

"वीऱ्या, हिकडं ये," ती म्हणाली. "काय काय नेणार ते सांग. अन् मराठीत सांग, कॉलेजातलं नको."

"गोळा काढतात. आत कापूस ठेवून पापणी मिटतात, कळत बी न्हाई. पण दुसऱ्याला लावतात ती निस्ती पुढची काच. कॉर्निया. लई जुना शब्द हाय, शिंगावरनं आलाय."

"डोळ्यात शिंग?"

"पोळ्याला बैलाची शिंगं तासतात न्हवं? त्यातला पातळ पापुद्रा उन्हात धरला तर पलीकडचं दिसतं. तसा पडदा."

पापुद्रे तिनंही लहानपणी धर्मापुरीला, माहेरी, उन्हात धरले होते. तिनं मान हलवली. "बरं. अन् बाहुली?"

"बाहुली म्हंजे वस्तूच न्हाई, आई. भोक हाय, उजेड आत जायाला."

"मग भोकाला बाहुली कावून म्हंत्यात?"

"लई जवळ जाऊन बघितलं की बघणाराच त्यात बारका दिसतो. म्हणून. संस्कृतात कनीनिका म्हणतात, म्हंजे लहान पोरगी. तिकडं रोमच्या लोकांनी बी बाहुलीच म्हटलंय. सगळ्या मुलखातल्या माणसांनी एकमेकांच्या डोळ्यात तेवढ्या जवळून बघितलं असणार, त्याबिगर सारखं नाव सुचंल का?"

सगळ्या मुलखातल्या. एक चौसाळा सोडून, गंगासागरच्या मनात आलं.

"अन् ती बाहुली दिसती कशात? भोकात?"

"न्हाई. वरच्या काचेत. जी नेणार तिच्यातच."

तिनं मान दुसरीकडं वळवली. वीरेशला वाटलं आईला पटलं नाही. त्याला काय ठाऊक.

तिच्या माहेरी रीत होती. नवी नवरी पहिल्यांदा माहेरी आली की म्हाताऱ्या तिला चुलीपाशी घेऊन विचारायच्या, "बाहुली दिसली का गं त्याच्या डोळ्यात?" पोरी लाजायच्या. दिसली म्हणजे नवऱ्यानं जवळ घेतलं, डोळ्यात डोळा घातला, नांदणं सुरू झालं. गंगासागरला आजीनं विचारलं तेव्हा तिनं ठसक्यात सांगितलं होतं, "दिसली की! नथीसकट दिसली."

तिला काहीएक दिसलं नव्हतं. आप्पा अंधारात यायचे, अंधारात कूस वळवायचे. दिवसा भिंतीशी बोलायचे. "पाणी," म्हणायचे भिंतीला. "पाव्हणे आलेत," म्हणायचे दाराला. वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दुकानात तर गिऱ्हाईक बाईच्या तोंडाकडं नीट बघून सांगायचे, "ताई, तुमच्या रंगाला मोरपंखी खुलंल." आणि खुलायचंच. मांजरसुंब्यापासून बाया यायच्या त्या नजरेसाठी. घरात मात्र जे लुगडं खपलं नाही ते दिवाळीला कोनाड्यात येऊन पडायचं. पिवळ्यानं गंगासागर आजारी दिसते, हे अख्ख्या पेठेला दिसायचं. तिच्या पेटीत सात पिवळी होती.

सिद्धारामची बायको रुचिका घरात आली तेव्हा रीतीप्रमाणं गंगासागरनंही तिला विचारलं होतं. पोरगी खुशाल हसली. "रोजच दिसती, आत्याबाई." त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं आणि बोलणी रुचिकानं खाल्ली.

गंगासागर उठली. "सगळे भाईर व्हा."

"अगं वहिनी, आता स्नान घालायचंय, इमान बांधायचंय..." त्रिंबक म्हणाला.

"तुमचा भाऊ कुठं पळून चाललाय का? व्हा म्हणलं न्हवं?"

माणसं ओट्यावर गेली. "डोळा बघायचा तर बघ, पण कापूस लई येळ काढून ठिवू नको आई, काच सुकंल," वीरेश जाता जाता म्हणाला. रुचिका दाराआड थांबली. गंगासागरनं तिला हाकललं नाही.

तिनं खिडकी सताड उघडली. खाटेवर टेकली. ओला कापूस बाजूला केला आणि अंगठ्यानं नवऱ्याची उजवी पापणी वर केली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाला उजेडात हात लावला. ती वाकली. आणखी वाकली, नाकाला नाक लागेस्तोवर.

नुसतं धुरकट. राखेचं बोट फिरवल्यासारखं.

काच सुकली नव्हती. तिचे डोळेच म्हातारे झाले होते. जवळचं दिसेनासं होऊन कैक वर्षं झाली होती, सुई रुचिका ओवून द्यायची. वीरेश चष्म्यासाठी मागं लागला की ती म्हणायची, "मला काय पोथी वाचायचीय?" आता लांबून बाहुली दिसेना आणि जवळून डोळा दिसेना.

खुंटीवर आप्पांचा सदरा होता. खिशात चष्मा होता, कापडाची वीण बघायचा, जाड काळ्या काड्यांचा. तिनं तो काढला, नाकावर चढवला, आणि पुन्हा वाकली.

दिसली.

मोहरीएवढी. डोक्यावर पदर, मागं खिडकीचा चौकोन. आणि पदराखाली तोंडाच्या जागी दोन चकाकती भिंगं आणि काळी चौकट. नाक नाही, डोळे नाहीत, नथ नाही. पेठेत गल्ल्यावर बसून खाली मान घालून कापड बघणारा चष्मा, तेवढाच. त्यांच्या डोळ्यातसुद्धा आप्पा स्वतःच बसले होते.

तिनं पापणी मिटली, कापूस परत ठेवला, हात पदराला पुसला आणि दार उघडलं.

"काढा," ती म्हणाली.

"वहिनी, अन् लिंगाकडं कशानं बघंल तो?" त्रिंबक काकुळतीला आला.

"जित्तेपणी समोरचं दिसलं न्हाई, भाऊजी. मेल्यावर हातातलं काय दिसणार हाय?"

सिद्धारामनं मान खाली घातली. गाडी आली, डोळे न्यायच्या पेटीतला बर्फ वितळला होता म्हणून हमरस्त्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याकडून आणखी आणला, आणि दुपारच्या आत आप्पांचे डोळे आंबेजोगाईला गेले. विमानात बसलेले आप्पा तळहातावरच्या लिंगाकडं बघत असल्यासारखेच दिसत होते. बघणाऱ्यांना फरक कळला नाही. गंगासागरला तर नाहीच.

"केवढं मन म्हणावं माऊलीचं!" ओट्यावर कुणी तरी म्हणालं, आणि बघता बघता ते पेठभर झालं. तिनं ते खोडलं नाही.

मातीवरून माणसं परतली. गंगासागर सूप घेऊन उंबऱ्यावर बसली होती. आल्यागेल्यांच्या भाताचे तांदूळ निवडत होती, नाकावर आप्पांचा चष्मा. खडे आता चांगले दिसत होते.

रुचिका शेजारी येऊन टेकली. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई... दिसली का?"

गंगासागरनं खडा वेचला, अंगणात भिरकावला.

"न्हाई," ती म्हणाली. "ऊठ, आधण ठेव."