वान्चाकोतला मुक्काम

पेरूच्या किनाऱ्यानं गाडीतून उत्तरेकडे जायचं, हा बेत मुळात गुरुदत्तचा. कॅनडात, ऑन्टेरिओतल्या लंडनला इंजिनिअर म्हणून रिटायर झाल्यावर वर्षभर त्यानं नकाशे पालथे घातले, कुठे किती थांबायचं ते ठरवलं. निघायला नऊ दिवस असताना ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना तो घसरला आणि घोटा मोडला.

"मग मी नाही जात," बायको, चित्रा, म्हणाली.

"वेडी आहेस का? अपूर्वाला घेऊन जा." अपूर्वा म्हणजे तिची जुनी मैत्रीण. चित्रा आणखी एकदा तरी नाही म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली नाही.

आता पाय उशीवर ठेवून तो रोज फोनची वाट बघायचा. वान्चाको या मच्छीमारांच्या गावात त्याच्या बेतात एकच रात्र होती. या दोघी चौथ्या दिवशीही तिथेच.

"अगं, एव्हाना तुम्ही कितीतरी पुढे हव्या होतात."

"कसली घाई आहे, अहो? इथे लव्हाळ्याच्या होड्या असतात, घोड्यावर बसावं तसं बसायचं. काल मीही बसले. आणि गाडी मीच चालवतेय, सांगितलं का?"

इकडे घराजवळच्या फोर-ओ-वन हायवेवर तीस वर्षांत तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तेवढ्यात मागून अपूर्वा काहीतरी बोलली आणि चित्रा इतकी हसली की फोन हलला. आपल्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

"पाय फार सुजलाय," तो म्हणाला. "पुन्हा ऑपरेशन करावं लागेल म्हणतात."

हसणं थांबलं. "अगंबाई! मी येते. उद्याचं फ्लाइट बघते."

फोन ठेवून त्यानं चहा केला. दोन बिस्किटंही खाल्ली.

तासाभरात मार्कहॅमहून मुलीचा, ईशिताचा, फोन आला. "बाबा, व्हॉट सर्जरी? आय टुक यू ऑन मंडे. डॉक्टर सेड इट्स हीलिंग!"

त्यानं पायाखालची उशी नीट केली.

"कॉल हर. नाउ."

त्यानं केला. "पाय बरा आहे. मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "का?"

"ट्रिप माझी होती. आणि माझ्याशिवाय तुला मजा येतेय."

"येतेय," चित्रा म्हणाली. "अर्धी बॅग भरून झाली होती माझी. अपूर्वा बिचारी रडायच्या बेतात होती. आता बॅग रिकामी करते. आम्ही इथेच राहणार, आणि माझ्या फोनची वाट बघू नका."

चार दिवस काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी एक फोटो आला. ओले केस, उन्हानं रापलेला चेहरा, तोंडभर हसू. खाली एक अक्षर नाही. गुरुदत्तनं तो मोठा करून बराच वेळ पाहिला. 'छान आलाय' असं लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, 'माझा नुसता जळफळाट होतोय,' आणि पाठवून दिलं.

उत्तर संध्याकाळी आलं. 'होऊ दे. उद्या इथून उत्तरेकडे निघतोय आम्ही.'