कोरडं बोट

सासूबाईंच्या छातीत धातूची झडप आहे आणि ती वाजते. बारीक, टकटक. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं पाल चुकचुकतेय. पुढे सवय झाली. अव्वा, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघरात कुठल्या कोपऱ्यात आहेत ते न बघताही कळायचं. न बघताच कळून घ्यावं लागायचं, कारण त्या मडीत असायच्या आणि मी उंबऱ्याबाहेर. मडी म्हणजे सोवळं. पहाटेची आंघोळ, वाळवून वर टांगलेलं लुगडं, आणि अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, जेवण होईपर्यंत मैलिग्याच्या, म्हणजे ओवळ्याच्या, कशालाही शिवायचं नाही. त्या मैलिग्यात मीही आले.

त्या मंगळवारी उंबऱ्याशी उभी राहून मी भाजी चिरून देत होते. आतून आवाज येत होता, पण घड्याळावर कुणी उशी ठेवावी तसा दबका. अव्वांना विचारलं तर म्हणाल्या, थकवा आहे, आराधनेची तयारी आहे ना. आराधना म्हणजे स्वामींची पुण्यतिथी, ती दुसऱ्या दिवशी होती. पाण्याची कळशी उचलून ठेवताना त्यांना धाप लागली होती.

झडप बसवलेल्या माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. रक्त किती पातळ आहे त्याचा एक आकडा असतो, आयएनआर. अव्वांचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते, तिचा आवाज दबतो, वर गेला तर डोक्यात रक्त फुटतं. दोन्हीकडे मरणच, फक्त दारं वेगळी. हा आकडा बघायला पूर्वी लॅबमध्ये जायचो. अण्णांना ते पटायचं नाही. कोण कुठला हात लावतो, परत येऊन आंघोळ, सगळ्याला उशीर. म्हणून माझ्या नवऱ्यानं, श्रीवत्सनं, हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून मशीन आणलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर ठेवायचा, आकडा येतो.

मशीन आलं तेव्हा घरात मोठा प्रश्न उभा राहिला. मडीत असताना रक्त काढलं तर चालतं का? अण्णा म्हणजे बाळाचार्य, आमच्या सप्तापुरात त्यांच्या शब्दाला मान. मान म्हणजे त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही, एवढंच. त्यांनी विचार करून सांगितलं, औषधाला दोष नाही. सुईचं रक्त औषधात मोडतं. आल्यागेल्याला ही गोष्ट सांगितली गेली, आचार्य किती सुधारलेले म्हणून. तेव्हापासून दर रविवारी नैवेद्य झाला की पान वाढायच्या आधी अव्वा बाहेर येऊन बोट पुढं करायच्या. श्रीवत्स आकडा डॉक्टरांना कळवायचा. आकडा दर वेळी जास्तच यायचा, तशी डॉक्टरांनी गोळी कमी करत अर्ध्यावर आणली.

आवाज दबला त्याच दिवशी मी अव्वांना हनुमंताच्या देवळात नेते म्हणून रिक्षात घातलं आणि लॅबमध्ये नेलं. एक पूर्णांक चार. रविवारी मशीननं तीन पूर्णांक नऊ दाखवले होते.

संध्याकाळी घरात भांडण झालं. श्रीवत्स बेलूरच्या फॅक्टरीत क्वालिटीमध्ये आहे, मापं तपासणं हाच त्याचा धंदा. त्याचं म्हणणं, लॅबवाल्यांनी रक्ताची नळी उन्हात ठेवली असणार, मशीन खोटं बोलत नाही, त्याला सर्टिफिकेट आहे. मी म्हटलं, अव्वांची छाती खोटं बोलते का? तो म्हणाला, पीयूसीला, बारावीत नापास झालेल्या बाईनं मला मोजमाप शिकवू नये. हे तो अव्वांसमोर बोलला. मी म्हटलं डॉक्टरांना तरी फोन करा. अण्णा म्हणाले, उद्या आराधना आहे, मंडळी जेवायला येणार, परवा बघू. मी स्वतः दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये होत्या. निरोप ठेवला.

रात्रभर मला एवढंच कळत होतं की दोन आकड्यांतला एकच खरा. लॅबचा खरा असेल तर अर्ध्या गोळीवर अव्वा मरतील. मशीनचा खरा असेल आणि माझं ऐकून गोळी वाढवली, तर त्या माझ्या हातून मरतील.

सकाळी अव्वा पायरी चढताना भिंतीला धरून थांबल्या. तेव्हा मी श्रीवत्सला सांगितलं, रविवारची वाट बघायची नाही, आज सगळ्यांसमोर बघायचं. नाहीतर मी जेवायला आलेल्या मंडळींना पानावरून उठवीन. तो मला ओळखतो. कबूल झाला.

नैवेद्य झाला. मंडळी अंगणात पाय धूत होती. आत केळीची पानं मांडलेली. अव्वा स्वयंपाकघरातून हात धुऊन आल्या आणि पाटावर बसल्या. श्रीवत्सनं सुई टोचली. थेंब उभा राहिला नाही. फिकट होऊन बोटभर पसरला. पट्टीनं तोच ओढून घेतला. चार पूर्णांक एक.

"बघ," श्रीवत्स म्हणाला. "आता यावर गोळी वाढवू? मारू तिला?"

मी आकड्याकडे बघत नव्हते. अव्वांच्या मनगटावरून पाणी ओघळत होतं. रविवारी याच वेळी मी मागच्या दारी कामात असते, बोटाजवळ कधी आलेच नव्हते. एवढा मोठा वाद, लॅब, नळी, ऊन, सर्टिफिकेट, आणि बोट ओलं.

मी म्हटलं, "अव्वा, हात पुसा आणि परत टोचा."

त्यांनी खुंटीवरच्या टॉवेलकडे बघितलं आणि मग अण्णांकडे. टॉवेल माझा, मैलिग्याचा. पदराला पुसायचं तर रक्त मडीच्या लुगड्याला लागणार.

"टॉवेलाला शिवली तर परत आंघोळ," अण्णा म्हणाले. "मंडळी ताटकळतील. हाताला पाणी आहे, विष नाही."

रक्ताला दोष नाही. टॉवेलाला आहे. इतके महिने अव्वा हात नुसते झटकून येत होत्या, थेंबात पाणी मिसळून रक्त आहे त्याहून पातळ दिसत होतं, आणि त्या पाण्याच्या जोरावर आम्ही त्यांची गोळी निम्मी केली होती. मशीन बिचारं त्याला जे पाजलं ते मोजत होतं.

मी नवऱ्याला विचारलं, "फॅक्टरीत तेलकट जॉब न पुसताच माप घेता तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. मशीनबरोबर आलेलं पुस्तक त्यानं वाचलं होतं, पण बॅटरी आणि मोबाईलला जोडणी एवढंच. हात धुवून कोरडा करा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो उठून टॉवेल आणायला निघाला, आणि अण्णांनी नुसती मान वर केली तसा थांबला. चाळिशीला आलेला माणूस.

अव्वा पाटावरून उठल्या. सावकाश, धाप सांभाळत. अण्णांच्या समोर गेल्या आणि त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं. एकेक बोट पुसलं, नखांच्या कडांपर्यंत. पहिल्या टोचणीचं रक्त पांढऱ्या उपरण्याला लागलं.

"मडीचंच आहे ना हे," त्या म्हणाल्या.

अण्णांचा हात उघड्या खांद्यावर गेला, तिथं काही नव्हतं.

श्रीवत्सनं नवी पट्टी घातली. सुई त्याच्या हातातून घेऊन मीच टोचली. कुणी मला अडवलं नाही. या वेळी थेंब मण्यासारखा उभा राहिला, गडद. एक पूर्णांक पाच.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मी आकडे सांगितले, आवाज दबलाय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, काही खायला देऊ नका, आत्ता हुबळीला निघा. श्रीवत्स गाडीची किल्ली शोधायला धावला. अंगणातली मंडळी दारात येऊन उभी होती, पाय वाळलेले.

अण्णा खाली बघूनच म्हणाले, "आता यांना वाढणार कोण?"

मला वाटलं मी काहीतरी बोलेन आणि ते परत घेता येणार नाही. पण अव्वांनी माझ्या दंडाला धरलं. या घरात मडीत असताना त्यांनी आपणहून मला शिवायची ती पहिली वेळ.

"साकु," म्हणाल्या त्या. म्हणजे पुरे. मग अण्णांकडे वळून, "तुम्ही वाढा. तुमचे हात कोरडे आहेत."

उपरणं त्यांच्या मुठीतच राहिलं. हुबळीच्या रस्त्याला लागल्यावर श्रीवत्स एकदा मागे वळून "अव्वा" म्हणाला. मी सांगितलं, समोर बघा. नवलूरच्या पुढे मी खिडकीच्या काचा वर केल्या आणि अव्वांचं डोकं मांडीवर घेऊन कान त्यांच्या छातीजवळ नेला. गाडीच्या आवाजात ती टकटक मध्येच लागायची, मध्येच हरवायची. हरवली की मी त्याला म्हणायचे, हळू नको, जोरात चालवा.